बिदागी

दिवसभरात आपण किती गाणी ऐकतो, याचा तुम्ही कधी हिशेब केला आहे का? एकदा करून पाहा. आमच्या वडीगोद्रीत तर गाणे ऐकण्यासाठी काही करावेच लागत नाही. सोलापूर-धुळे महामार्ग गावाला लागूनच जातो. उसाचा हंगाम सुरू झाला, की भरलेले ट्रॅक्टर दिवसरात्र धावू लागतात आणि बहुतेक ट्रॅक्टरांवर भलेमोठे स्पीकर बांधलेले असतात. ट्रॅक्टर दिसण्याआधी गाणे ऐकू येते आणि ट्रॅक्टर दिसेनासा झाला, तरी ते ऐकू येतच राहते. कधी भीमगीत, कधी कव्वाली, कधी लावणी, कधी नुसताच ढोल. शिवाय प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहेच. गाणे आता हवेसारखे झाले आहे. मग हवेचे पैसे कोण देतो?

मी गाण्याचे पैसे देतो. दर महिन्याला पगारातून पाचशे रुपये बाजूला काढतो आणि त्यातून गाणी विकत घेतो. ज्यांच्यामागे कोणतीही मोठी कंपनी नाही, अशा गायक-वादकांची गाणी मी शोधून काढतो, त्यांची नवी गाणी कधी येतील याची वाट पाहतो आणि आली, की दाम मोजून घेतो. स्टाफरूममध्ये याची थट्टा होते. घरी माझी पत्नी म्हणते, "वही गाना फोन पे फुकट लगता ना? फिर ये पैसे कायके?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा पाठ.

उत्तराआधी एक शब्द समजून घेऊ. गायकाला किंवा वादकाला कार्यक्रमानंतर जी रक्कम देतात, तिला मराठीत 'बिदागी' म्हणतात. कान देऊन ऐका. या शब्दात तुम्हाला आपला 'विदा' ऐकू येईल. कलाकाराला निरोप देताना रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे, ती बिदागी. बिदागी आणि मजुरी यांत फरक आहे. मजुरी कामाची असते आणि ती आधी ठरते. बिदागीत थोडा हिशेब असतो आणि थोडा मान असतो. तमाशात रसिक उठून पैसे देतात, त्याला 'दौलतजादा' म्हणतात. हाही शब्द तुमच्या ओळखीच्या घराण्यातला. गोंधळी किंवा वासुदेव दारात येऊन गातो, तेव्हा घरातली बाई सुपातून धान्य आणून त्याच्या झोळीत घालते. आणि उरुसातली कव्वाली तर तुम्ही पाहिलीच असेल. खुलदाबादच्या उरुसाला मी लहानपणी अब्बांबरोबर जात असे. एखादा शेर मनाला भिडला, की ऐकणारा जागेवरून उठतो, माणसांमधून वाट काढत पुढे जातो, नोट कव्वालासमोर ठेवतो आणि मागे येऊन बसतो. कव्वाल गाणे न थांबवता मान तुकवतो, हात कपाळाला लावतो. हा नजराणा.

या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. गाणारा आणि ऐकणारा समोरासमोर आहेत. कोण गातो आहे, हे ऐकणाऱ्याला माहीत आहे; कोणी दिले, हे गाणाऱ्याला दिसते आहे.

मग यंत्र आले आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान या प्रसिद्ध गायिकेचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. ('तबकडी'तला 'तबक' ओळखलात ना?) भारतातल्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी हे एक. एका तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्यात गौहर जान राग मांडत, बंदिश म्हणत आणि गाणे संपता संपता इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगत. तुम्ही म्हणाल, केवढा हा गर्व! गर्व नव्हता तो. तबकड्या तयार व्हायच्या दूर जर्मनीत, हानोफर शहरात. तिथल्या कारागिरांना गाण्यातले अक्षरही कळत नसे. कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापायचे, हे त्यांना कळावे म्हणून गायकाने शेवटी स्वतःचे नाव सांगायचे, अशी पद्धत होती. मला ही गोष्ट फार आवडते. गाणे गाणाऱ्यापासून वेगळे होऊन बोटीने परदेशी निघाले होते. निघताना त्याच्या गळ्यात नावाची चिठ्ठी बांधावी लागली. त्या काळी अफाट मानधन घेणाऱ्या याच गौहर जान १९३० साली म्हैसुरात वारल्या, तेव्हा त्यांचे वैभव ओसरलेले होते.

तबकडीनंतर रेडिओ, रेडिओनंतर कॅसेट. गाणे लाखो घरांत पोहोचले, ही मोठीच गोष्ट झाली. पण बिदागीचे काय झाले? ती आता कंपनीच्या हाती गेली. गायकाला एकदा ठरलेली रक्कम मिळायची. पुढे गाणे एक लाख वेळा वाजो की एक कोटी वेळा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला यावरून लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात मतभेद झाला होता. गाणे विकले जाते तोवर गायकालाही त्यातला वाटा मिळत राहिला पाहिजे, असे लताबाईंचे म्हणणे. गायकाने गाण्याचे पैसे घेतले, तिथेच त्याचा हक्क संपला, असे रफीसाहेबांचे म्हणणे. काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे म्हटले नाही. रफीसाहेबांचे मन मोठे होते, पैशाच्या बाबतीत तर फारच मोठे. आमच्या घरी सगळे त्यांचेच भक्त. तरीसुद्धा या बाबतीत मला लताबाईंचे पटते. मन मोठे असणे ही एका माणसाची गोष्ट झाली. नियम मात्र छोट्या माणसाकडे पाहून करायचा असतो. हे आपल्या कायद्यात नीट यायला २०१२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांना गाण्याच्या पुढच्या कमाईतला वाटा मिळण्याचा हक्क पक्का झाला. कागदावर सही घेऊनही तो हक्क काढून घेता येणार नाही, असे ठरले. यासाठी राज्यसभेत आणि बाहेर झगडणाऱ्यांत उर्दूचे शायर जावेद अख्तर पुढे होते.

छापील हक्क आणि हातात पडणारा पैसा यांत किती अंतर असते, हे पाहायचे असेल, तर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे चरित्र मिळवून वाचा. तमाशाची सम्राज्ञी म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा दोनदा गौरव झाला. आणि २००२ साली शेवटच्या आजारपणात त्यांच्या औषधपाण्यासाठी लोकांकडून मदत गोळा करावी लागली. आज राज्य शासन तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने देते. आपण नाव जपतो. बिदागी द्यायला मात्र विसरतो.

आता मी ज्यांची गाणी विकत घेतो, त्यांच्याकडे येऊ.

मुंबईत कुर्ल्याला राहणारा नावेद शेख नावाचा एक तरुण. घरात एक आयपॅड होता. इंटरनेटवर मिळालेल्या तालावर त्याने आपले शब्द बसवले, त्या आयपॅडवरच आवाज मुद्रित केला, त्यावरच आपल्या गल्लीत चित्रण केले आणि २०१४ साली 'आफत' हे गाणे यूट्यूबवर टाकले. स्टुडिओ नाही, कंपनी नाही, चित्रपट नाही. लोक त्याला 'नेझी' या नावाने ओळखू लागले. पाच वर्षांनी, २०१९ साली आलेला 'गली बॉय' हा चित्रपट नेझी आणि डिव्हाइन या दोघांच्या आयुष्यावरून सुचला. चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण आधी गाणे होते, आणि ते एका मुलाने स्वतःच्या हिमतीवर केले होते, हे लक्षात ठेवा. अशा कलाकाराला आज 'स्वतंत्र कलाकार' म्हणतात. गाणे त्याचे, चाल त्याची, खर्च त्याचा आणि तोटा झाला, तर तोही त्याचाच.

मी त्या वेळी बी.एड. करत होतो. वसतिगृहात एका मित्राने हे गाणे ऐकवले. भाषा आपल्याच गल्लीतली, जी वर्गात बोललो तर कान पिळला जाईल अशी. मला नवल वाटले. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, मोबाइलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि वडीगोद्रीत बसूनसुद्धा अशी गाणी शोधता येऊ लागली. त्या शोधात मला 'स्वदेसी' हा मुंबईचा गट सापडला. त्यातला एक जण मराठीत रॅप करतो, दुसरे आपापल्या भाषेत. २०१९ साली त्यांनी आरेच्या जंगलावर आणि तिथल्या वारली लोकांवर गाणे केले. 'द वारली रिव्होल्ट' हे त्याचे नाव. आरेच्या पाड्यावरचे प्रकाश भोईर स्वतः त्यात गायले आहेत. मुंबईत जंगल आहे आणि त्यात आदिवासी राहतात, ही माहिती मला कोणत्याही पुस्तकाआधी त्या गाण्यातून मिळाली. 'अभंग रिपोस्ट' नावाचा एक गट गिटार आणि ड्रमच्या साथीने अभंग गातो. तुमच्या मराठीच्या पुस्तकातले अभंग पाठ होत नसतील, तर त्यांचे गाणे ऐकून पाहा. पाठांतराचे काम निम्मे होते. (हे मी परीक्षेच्या दृष्टीने सांगत आहे, असे समजा.)

आणि उर्दूची आवड असलेल्यांसाठी अरूज आफताब. ही गायिका लाहोरमध्ये वाढली. यूट्यूब निघण्याआधीच तिने म्हटलेले एक इंग्रजी गाणे तिथल्या तरुणांमध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर असे पसरत गेले होते. पुढे ती अमेरिकेत जाऊन संगीत शिकली आणि न्यूयॉर्कमध्ये राहिली. २०२१ साली तिचा 'व्हल्चर प्रिन्स' हा अल्बम एका छोट्याशा संस्थेतर्फे निघाला. त्यात हफीज होशियारपुरी यांची एक जुनी गझल आहे. ती गझल मेहदी हसन यांच्या आवाजात अब्बांच्या कॅसेटवर होती. अरूजने ती इतकी संथ केली आहे, की एकेक शब्द पाण्यात दगड टाकावा तसा मनात बुडत जातो. त्या गाण्याला २०२२ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हा अल्बम मी विकत घेतला आहे. अब्बांना ऐकवला, तर म्हणाले, "आवाज चांगला आहे, पण पोरीला कसली घाई नाही." ही तक्रार होती की कौतुक, ते मला अजून उमगलेले नाही.

आता माझ्या पत्नीच्या प्रश्नाकडे वळतो. फोनवर गाणे फुकट लागते, किंवा महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भरले, की हवी तेवढी गाणी लागतात. मग गायकाला त्यातून पैसे मिळत नाहीत का? मिळतात, पण ते कसे वाटले जातात, ते पाहा. आपण एक सोपे गणित करू. समजा, एका ॲपचे दोनच ग्राहक आहेत. एक तुम्ही आणि एक मी. दोघांनी शंभर-शंभर रुपये भरले. तुम्ही महिनाभरात एका नामांकित गायकाची गाणी नऊशे वेळा ऐकली. मी आमच्या जिल्ह्यातल्या एका नव्या शाहिराची गाणी शंभर वेळा ऐकली. कंपनीचा वाटा तूर्त बाजूला ठेवा. तुम्हाला वाटेल, तुमचे शंभर तुमच्या गायकाला आणि माझे शंभर माझ्या शाहिराला मिळतील. तसे होत नाही. बहुतेक ठिकाणी दोनशे रुपये एकाच थैलीत जातात. एकूण गाणी वाजली हजार; त्यांतली शाहिराची शंभर, म्हणजे दहावा हिस्सा. त्याला मिळाले वीस रुपये. माझ्या शंभरांतले ऐंशी रुपये अशा गायकाला गेले, ज्याचे एकही गाणे मी ऐकलेले नाही! खऱ्या थैलीत ग्राहक कोट्यवधी असतात; पण वाटणी याच रीतीने होते. शिवाय स्पॉटिफाय या मोठ्या कंपनीने २०२४ पासून असा नियम केला आहे, की जे गाणे बारा महिन्यांत हजार वेळाही वाजले नाही, त्याला त्या मुद्रणाचा मोबदला मिळणार नाही. नव्या गायकासाठी हजार हा आकडा लहान नसतो.

म्हणून मी थैलीत टाकण्याऐवजी हातावर ठेवण्याचा मार्ग शोधला. 'बँडकॅम्प' नावाचे इंटरनेटवरचे एक दुकान आहे. २००८ साली अमेरिकेत ते सुरू झाले. तिथे कलाकार आपले गाणे स्वतः मांडतो आणि त्याची किंमत स्वतः ठरवतो. काही जण किमतीच्या जागी कोरा रकाना ठेवतात; तुम्हाला वाटेल ते द्या. म्हणजे थेट कव्वालीचीच रीत! गाण्याच्या विक्रीतले शेकडा पंधरा दुकान घेते, पैसे पोहोचवण्याचा थोडा खर्च जातो, उरलेले कलाकाराचे. २०२० साली करोनामुळे जगभरातले कार्यक्रम बंद पडले, तेव्हा २० मार्च रोजी, एका शुक्रवारी, या दुकानाने आपला वाटा घेतला नाही. पुढे असे अनेक शुक्रवार झाले. अशा शुक्रवारसाठी मी माझे पाचशे रुपये राखून ठेवतो.

पहिली खरेदी करायला मला तीन दिवस लागले. माझे कार्ड परदेशी व्यवहाराला चालेना. २०२० पासून नव्या कार्डांवर ही सोय मुळात बंदच असते, ती आपण सांगून सुरू करून घ्यावी लागते. बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारले, "सर, परदेशातून काय मागवताय?" मी म्हटले, "गाणे." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, गाणं पाहिजे तर इकडं या, माझ्या पेनड्राइव्हमधी चार हजार हायेत." सगळे हसले, मीही हसलो. तिसऱ्या दिवशी कार्ड चालले आणि सुमारे सहाशे रुपयांत एक अल्बम माझ्या नावावर झाला. त्याबरोबर गायकासाठी दोन ओळी लिहिता येतात. मी लिहिले, की महाराष्ट्रातल्या एका खेड्यात तुमचे गाणे ऐकतो आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: आभार, आणि खेड्याचे नाव काय? मी वडीगोद्री असे लिहून पाठवले. मित्रांनो, त्या वेळचा आनंद मी तुम्हाला सांगू शकत नाही. यंत्राने मध्ये घातलेली भिंत क्षणभर बाजूला झाली होती. कव्वालाने मान तुकवली होती.

या वाटेतही खड्डे आहेत. पैसे पोहोचवणाऱ्या एका परदेशी कंपनीने २०२१ साली भारतातल्या भारतात व्यवहार करणे बंद केले, आणि भारतातल्या श्रोत्याने भारतातल्याच कलाकाराला परदेशी दुकानातून पैसे देणे अवघड झाले. लाहोरच्या गायिकेला न्यूयॉर्कमध्ये पैसे पोहोचवणे सोपे आणि पुण्याच्या गायकाला पोहोचवणे अवघड, असा उलटा न्याय! ते बँडकॅम्पही आता पहिल्या मालकांचे राहिलेले नाही. २०२२ साली ते एका कंपनीने विकत घेतले, पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीला विकले आणि त्या उलाढालीत तिथल्या जवळजवळ निम्म्या माणसांची नोकरी गेली. भाड्याच्या ओट्यावर मांडलेले दुकान कधी उठवावे लागेल, ते सांगता येत नाही.

आपल्या देशात २०१६ पासून यूपीआय आले आणि एक नवी वाट उघडली. आता कित्येक कलाकार आपल्या गाण्याखाली चौकोनी क्यूआर चित्र देतात. मोबाइल समोर धरायचा आणि दहा रुपयेही थेट पाठवायचे. आमच्या भागात एका उरुसात कव्वालाच्या पेटीजवळ असेच एक चित्र उभे केलेले मी पाहिले. सोबत पैसे आल्याची खबर देणारा छोटा स्पीकरही होता. कव्वाली रंगात आली, लोक मोबाइल काढू लागले आणि प्रत्येक मिसऱ्याच्या मध्ये तो स्पीकर खणखणीत आवाजात रक्कम सांगू लागला. दोन-तीनदा असे झाल्यावर कव्वालाने गातागाताच डोळ्यांनी खूण केली आणि तबलजीने तो स्पीकर चादरीखाली दडपला. आमच्या शेजारी बसलेले एक म्हातारेबाबा मात्र उठून नोटच ठेवून आले.

विकत घेतलेल्या गाण्याचा आणखी एक गुण आहे. ते आपल्याजवळ राहते. गेल्या काही वर्षांत गाण्याची किती ॲपे आली आणि गेली! २०२४ या एकाच वर्षात रेसो आणि विंक ही दोन भारतातून बंद झाली. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षे आवडत्या गाण्यांच्या याद्या केल्या होत्या, त्यांना नवे घर शोधावे लागले. माझी गाणी एका पेनड्राइव्हमध्ये आहेत आणि त्याची एक प्रत कपाटात आहे. बँकेतल्या त्या गृहस्थांच्या चार हजारांपुढे माझी दोनशेच भरतील. पण प्रत्येक गाण्याला नाव आहे. कोणी लिहिले, कोणी गायले, ढोलकीवर कोण, सारंगीवर कोण, हे मला ठाऊक आहे. चार हजारवाल्यांना मी एकदा विचारले, "यातले हे कोण गात आहे?" ते म्हणाले, "गाणारा कुठं लिव्हलाय? नंबर एकशे बारा."

चाहता होणे म्हणजे नुसते पैसे देणेही नाही. वाट पाहावी लागते. एखाद्याचे नवे गाणे वर्ष-वर्ष येत नाही. नोकरी लागते, लग्न होते, आजारपण येते आणि कित्येक जण गप्प होतात. कोणी जाहीर करत नाही, की आता मी गाणार नाही. नवे गाणे येत नाही, एवढेच. स्वदेसी गटातला धर्मेश परमार 'तोडफोड' या नावाने गुजरातीत रॅप करत असे. शब्द इतक्या वेगाने यायचे, की गुजराती न कळणाराही थक्क व्हावा. २०२२ च्या मार्च महिन्यात त्याचा 'ट्रुथ अँड बास' हा अल्बम आला. त्याच महिन्याच्या वीस तारखेला तो अचानक वारला. वय अवघे चोवीस. आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या कितीतरी मुलांच्या वयाचा. तो गेल्याची बातमी आली, तेव्हा 'गली बॉय'मध्येही त्याचा आवाज होता, असे सगळीकडे छापून आले आणि लाखो लोकांनी त्याचे नाव प्रथमच वाचले. मी त्या रात्री त्याची जुनी गाणी पुन्हा लावली. मृत्यूनंतर गाणी जास्त वाजतात, हा नियमच आहे. गायकाला ते कळत नाही, एवढीच त्यात उणीव.

केव्हिन केली नावाच्या एका अमेरिकन लेखकाने २००८ साली एक हिशेब मांडला होता. कलाकाराला कोट्यवधी श्रोते लागत नाहीत. हजार सच्चे चाहते पुरतात. आपल्या रुपयांत बोलायचे, तर हजार जणांनी वर्षाला तीनशे रुपये दिले, तर तीन लाख होतात. खर्च वजा जाता एका माणसाचे साधेपणाने भागेल. हिशेब चुकीचा नाही. पण हजार सच्चे चाहते मिळवणे हे लाख फुकटे श्रोते मिळवण्याहून कठीण असते, हे लेखकाने जरा हलक्या आवाजात सांगितले आहे, असे मला वाटते. एका अंबड तालुक्यात किती गावे आहेत! प्रत्येक गावातून दहा-दहा निघाले तरी पुष्कळ झाले. पण दहा निघत नाहीत. वडीगोद्रीत, माझ्या माहितीप्रमाणे, आम्ही दोघे आहोत. दुसरा मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो आणि फक्त बासरी ऐकतो.

तुम्ही म्हणाल, "सर, आमच्याकडे कुठून येणार पैसे?" तुमच्याकडून मी पैसे मागतच नाही. पण व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर गाणे लावता, तेव्हा खाली गाणाऱ्याचे नाव लिहिता का? गौहर जान यांना ते स्वतः ओरडून सांगावे लागत होते. तुम्हाला तर नुसते बोट फिरवायचे आहे. दुसऱ्याचे गाणे कापून आपल्या चॅनेलवर टाकणारे पुष्कळ आहेत, तुमच्यातही दोन-तीन आहेत, मला माहीत आहे. आवडलेल्या गाण्याखाली मराठीत किंवा उर्दूत दोन ओळी लिहा. काय आवडले, ते लिहा; नुसते फूल आणि हृदय नको. गाणारा त्या ओळी वाचतो. पुन्हा पुन्हा वाचतो.

हे मी कशावरून सांगतो? नववीतला आपलाच एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, तो लाजाळू आहे. त्याने एस.टी.वर एक रॅप लिहिला आहे. बस वेळेवर येत नाही, आली तर थांबत नाही, थांबली तर जागा नसते, अशी कडवी आहेत. अर्धे दखनीत, अर्धे मराठीत. मराठीत व्याकरणाच्या चार चुका होत्या. मी दोन दुरुस्त केल्या आणि दोन मुद्दाम राहू दिल्या, कारण तिथे चुकीचाच शब्द तालात बसतो. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, खिडक्या लावून, मोबाइलवर त्याने ते मुद्रित केले. मध्ये एकदा महामार्गावरून ट्रॅक्टर गेला, त्याचे गाणेही थोडे आत शिरले आहे. ते तसेच ठेवायचे, असे त्याने ठरवले आहे. त्याचे वडील गॅरेजमध्ये काम करतात. ते म्हणाले, "सर, आधी दहावी होऊ द्या." मी म्हटले, दहावीही होईल आणि खाते तुमच्याच नावाने राहील. ते अजून विचार करत आहेत. नाव कोणते लावायचे, यावर मुलाचे अजून ठरलेले नाही; वहीच्या मागच्या पानावर त्याने सात नावे लिहून सहा खोडली आहेत. परवा मी त्याला विचारले, गाण्याखाली किंमत काय लिहू? तो बराच वेळ बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "दहा रुपये." वर्गाच्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

"नको सर. पाच लिहा."